हॉट रॉडच्या चॅसीला क्रोम : पहिल्या वेल्डपासून शेवटच्या नटापर्यंत

१९३२ च्या फोर्ड रोडस्टरची (उघड्या टपाच्या गाडीची) चॅसी, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, क्रोम करायला घेण्यापूर्वी एक साधा हिशेब कागदावर मांडून पाहावा. दोन्ही बाजूंचे रेल आणि त्यांना जोडणारे आडवे भाग धरले, तर बॉक्स केलेल्या, म्हणजे रेलची उघडी बाजू बंद केलेल्या, अशा चॅसीचे बाहेरचे क्षेत्रफळ सुमारे चार चौरस मीटर भरते. चांगल्या कामात त्यावर तीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) निकेलचा थर असतो, म्हणजे किलोभराहून थोडे अधिक निकेल. त्यावर, ज्याच्या नावाने हे सारे काम ओळखले जाते, ते क्रोमियम मात्र जेमतेम नऊ ग्रॅम बसते. मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा तो थर खालचे काहीही झाकत नाही. प्रदर्शनात लोक जी झळाळी पाहतात ती घासलेल्या पोलादाची, त्यावर बफ केलेल्या तांब्याची आणि निकेलची असते. क्रोमियम तिला निळसर छटा देते आणि ती काळवंडू देत नाही. म्हणून या लेखात, जिथे विजेने हे थर चढवतात त्या टाकीपेक्षा टाकीच्या आधीच्या कामालाच जास्त जागा दिली आहे.

मी भोसरीतल्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा चढवण्याच्या, शेडमध्ये काम शिकलो आणि पुढे दक्षिण कॅलिफोर्नियात हॉट रॉड (जुन्या गाड्या बदलून बांधलेल्या वेगवान गाड्या) बांधणाऱ्यांसाठी तेच काम केले. दोन्ही ठिकाणची रसायने सारखीच होती, पण संपूर्ण चॅसी क्रोम करण्याचा ध्यास मी तिकडेच पाहिला. त्याला कारण आहे. १९३२ च्या फोर्डचे बाजूचे रेल बॉडीखाली दडलेले नसतात. दाराच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ते उघडे दिसतात आणि त्यांवर दाबून काढलेली एक वळणदार रेघही असते. मडगार्ड काढून टाकले की हा सांगाडा गाडीच्या चेहऱ्याचाच भाग होतो. फ्रेस्नोच्या ब्लॅकी गेजियन यांनी आपल्या मॉडेल टी रोडस्टरचा खालचा सगळा भाग क्रोम केला होता आणि तो लोकांना दिसावा म्हणून मित्रांच्या मदतीने ते गाडी एका अंगावर कलती करून दाखवत. १९५५ साली ओकलंडच्या प्रदर्शनात सर्वांत सुंदर रोडस्टरचा मान त्यांना विभागून मिळाला. पुढे अशा गाड्यांखाली आरसे मांडण्याची पद्धत रूढ झाली.

आधी ठरवायचे : काय क्रोम करायचे आणि काय नाही

पोलादाला आम्लात बुडवले किंवा त्यावर विजेने धातू चढवला की हायड्रोजन सुटतो आणि त्यातला काही पोलादात शिरतो. साध्या, मऊ पोलादाला त्याने सहसा फरक पडत नाही. फोर्डचे मूळ रेल, तसेच आज नव्याने दाबून बनवले जाणारे रेल याच प्रकारातले असल्यामुळे चॅसीच्या बाबतीत हा धोका कमी असतो. पोलादाची ताणशक्ती १००० मेगापास्कलच्या पुढे गेली की परिस्थिती बदलते. असा भाग बाहेरून चकाकत राहतो आणि एखाद्या दिवशी, नेहमीच्याच भाराखाली, काचेसारखा तुटतो. त्यामुळे स्प्रिंगा, टॉर्शन बार, उच्च ताकदीचे बोल्ट आणि स्टिअरिंगचे कडक केलेले भाग क्रोमला देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. असे भाग प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० अंश सेल्सिअसला आठ तास किंवा त्याहून जास्त वेळ भाजतात हे खरे. पण निकेल आणि क्रोमचे थर एकदा बसले की हायड्रोजनला बाहेर पडायची वाट फार अरुंद होते आणि नुसत्या भाजण्यावर जीव सोपवणे योग्य नाही. हे भाग रंगवावेत किंवा शक्य तिथे पॉलिश केलेले स्टेनलेसचे वापरावेत.

दुसरा प्रश्न गाडीच्या वापराचा आहे. ड्रॅग रेसिंगमध्ये उतरायचे असेल, तर क्रोमचा विचार सोडून द्यावा. अमेरिकेतल्या एनएचआरए या संस्थेच्या नियमांत रेसच्या चॅसीवर मुलामा चढवायला आणि वेल्ड घासायला मनाई आहे. रंग मात्र चालतो. घासलेला वेल्ड तपासता येत नाही आणि क्रोमखाली पडलेली चीर दिसत नाही, हे त्यामागचे कारण समजून घेतले तर तो नियम जाचक वाटत नाही. रस्त्यावर रोज, पावसात आणि हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालवायच्या गाडीलाही मी चॅसी रंगवण्याचाच सल्ला देतो. क्रोमची चॅसी प्रदर्शनासाठी आणि कोरड्या हवेतल्या फेरफटक्यासाठी असते.

गाडी एकदा पूर्ण बांधून पुन्हा सोडवणे

क्रोम झालेल्या चॅसीवर वेल्डिंग करता येत नाही. एक कंस जरी नंतर जोडला तरी आजूबाजूचा मुलामा जळतो, फुगतो आणि सोलून निघतो. म्हणून कच्च्या पोलादावरच संपूर्ण गाडी उभी करावी. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, बॉडी, एक्झॉस्ट, ब्रेकच्या नळ्या, बॅटरीची पेटी, वायरिंगच्या पकडी हे सारे प्रत्यक्ष बसवून प्रत्येक भोक पाडून घ्यावे, शक्य झाल्यास गाडी थोडी चालवून पाहावी आणि मगच सगळे सोडवावे. या टप्प्यावर घाई केलेल्या माणसाला पुढे क्रोममध्ये भोक पाडावे लागते आणि त्या भोकाच्या कडेपासून गंज सुरू होतो.

याच वेळी चॅसी नंबर सांभाळावा. जुन्या फोर्डमध्ये तो डाव्या रेलच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो. ती जागा पॉलिशच्या पट्ट्याखाली जाता कामा नये. नंबर पुसला गेला तर नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असले, तरी नंबराशी छेडछाड कुठेच खपवून घेतली जात नाही. त्या जागेचे स्पष्ट फोटो काढावेत, तिथे पट्टी चिकटवावी आणि पॉलिश करणाऱ्याला ती जागा बोटाने दाखवून ठेवावी.

वेल्डिंग : येथे काम घडते किंवा बिघडते

मूळ रेल इंग्रजी सी अक्षरासारखे, एका बाजूने उघडे असतात. त्या उघड्या बाजूला पोलादी पट्टी जोडून रेल चौकोनी बंद केला, की त्याला बॉक्स केला असे म्हणतात. ताकदीसाठी ते लागतेच, पण प्लेटिंगसाठीही ते सोयीचे ठरते. क्रोमच्या विजेला खोलगट जागी शिरायला जमत नाही, त्यामुळे उघड्या रेलच्या आतल्या कोपऱ्यांत नुसते पिवळसर निकेल दिसत राहते. बॉक्स केल्यावर बाहेर सपाट पृष्ठभाग मिळतो.

पट्टीच्या आणि रेलच्या कडा तिरप्या घासून मगच वेल्ड करावा, म्हणजे धातू पूर्ण जाडीत उतरतो. वेल्डचा वर आलेला भाग नंतर घासून सपाट होणार आहे. जोड वरवरचा असेल तर त्या घासण्यात त्याची ताकदच निघून जाईल. शक्य असेल तिथे टिग वेल्डिंग (भरणीची तार हाताने देण्याची सावकाश पद्धत) करावे. मिग वेल्ड (तार यंत्रातून आपोआप येणारी पद्धत) चालत नाही असे नाही, पण त्यात बारीक छिद्रे राहण्याची शक्यता जास्त असते. बॉडी फिलर किंवा पुटी कुठेही वापरता येत नाही, कारण त्यातून वीज जात नाही आणि टाकीतल्या गरम रसायनांत ती टिकत नाही. खड्डा भरायचा तो वेल्डनेच.

आता त्या बारीक छिद्रांविषयी. एका शोसाठी तयार केलेली चॅसी आमच्याकडून गेली तेव्हा निर्दोष होती. तीन महिन्यांनी मालकाने बोलावले. मागच्या आडव्या भागाच्या जोडाखाली टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यातून हिरवट तपकिरी ओघळ आला होता. पुसला की दोन दिवसांनी पुन्हा यायचा. वेल्डमधल्या छिद्रातून टाकीतले द्रव रेलच्या पोकळीत शिरले होते आणि हवामान उबदार झाले की तेच थेंबाथेंबाने बाहेर येत होते. तो भाग कापून, मुलामा उतरवून, सगळे नव्याने करावे लागले. चूक आमचीही होती. चॅसी टाकीत सोडण्यापूर्वी आम्ही ती तपासायला हवी होती.

तपासणी फार सोपी आहे. बंद पोकळीत ०.२ बारएवढीच हवा भरावी, जोडांवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे आणि प्रत्येक इंच डोळ्यांखालून घालावा. बुडबुडा दिसला की तो भाग उकरून पुन्हा वेल्ड करावा. हवेचा दाब वाढवण्याचा मोह टाळावा, कारण कमी दाबातही गळती दिसते आणि जास्त दाब धोक्याचा असतो.

पोकळी पूर्ण बंद ठेवायची की तिला भोके ठेवायची, हा निर्णय प्लेटिंगवाल्याशी बोलून घ्यावा. माझा कल भोकांकडे आहे. प्रत्येक पोकळीच्या दोन्ही टोकांना, न दिसणाऱ्या बाजूला, किमान १२ मिलीमीटरची भोके असावीत. त्यांतून द्रव आत जाते, पण ते पूर्णपणे बाहेरही येते आणि आतून धुता येते; शिवाय वरच्या भोकातून हवा निघून गेल्याने चॅसी टाकीत तरंगत नाही. अर्धवट बंद पोकळी मात्र सर्वांत वाईट, कारण तिच्यात द्रव शिरते पण निघत नाही, आणि नंतर भट्टीत भाजायची वेळ आली तर आत वाफेचा दाब तयार होतो.

घासणे आणि पॉलिश

जुना रंग आणि गंज काढण्यासाठी ब्लास्टिंग करायला हरकत नाही, पण त्याने पृष्ठभाग खरखरीत होतो आणि तो खरखरीतपणा पुढे घासूनच काढावा लागतो. त्यानंतर ८० नंबरच्या पट्ट्याने सुरुवात करून १२०, १८०, २४०, ३२० आणि ४०० असे जावे. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आधीच्या दिशेला आडवी ठेवावी आणि आधीचा शेवटचा ओरखडा जाईपर्यंत पुढचा नंबर हाती घेऊ नये. हा नियम ज्याने मोडला, त्याचे काम क्रोम झाल्यावर उन्हात बाहेर आणताच ओळखू येते. सपाट भागावर पट्टा एका जागी थांबला तर तिथे उथळ वाटी पडते आणि तयार रेलमध्ये तिच्यातले प्रतिबिंब वाकडे दिसते. म्हणून मध्येमध्ये रेलवर लांब ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाडून रेघ सरळ दिसते का ते पाहावे. रेलवरची मूळ वळणदार रेघ यंत्राने घासू नये. तिची कड बोथट झाली की गाडीची ओळखच जाते. ती हाताने, लाकडी ठोकळ्याला एमरी गुंडाळून घासावी.

४०० नंतर सिसलच्या (राठ वनस्पती-धाग्याच्या) चाकावर पेस्ट लावून बफिंग करावे. गंजाचे खोल खड्डे घासून काढण्याच्या नादात पत्रा पातळ करू नये. असे खड्डे वेल्डने किंवा चांदीच्या सोल्डरने भरणे चांगले. फार बारीक खड्डे पुढे तांब्याने भरता येतात.

प्लेटिंगवाला निवडणे

येथे पुन्हा क्षेत्रफळाचा हिशेब कामी येतो. चार चौरस मीटर म्हणजे ४०० चौरस डेसिमीटर. निकेलला दर चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर धरले तर १६०० अँपिअर लागतात. क्रोमला १२ अँपिअर धरले तर ४८०० अँपिअर. शिवाय संपूर्ण चॅसी मावेल एवढ्या लांबीच्या टाक्या एकामागून एक हव्यात आणि चॅसी त्यांतून उचलून नेणारी क्रेन हवी. एवढी सोय असलेली दुकाने अमेरिकेतही मोजकीच आहेत. दुकानात गेल्यावर टाकीची लांबी, रुंदी, खोली आणि रेक्टिफायरची (टाकीला एकदिश वीज पुरवणाऱ्या यंत्राची) क्षमता या चार गोष्टी थेट विचाराव्यात. टाकी लहान असेल तर चॅसी आधी एका टोकाने आणि मग दुसऱ्या टोकाने बुडवू असे कोणी सुचवल्यास नम्रपणे नकार द्यावा. दोन बुडव्यांच्या सीमेवर रेघ राहते आणि मुलामा तिथूनच सुटतो. टाकी लहानच असेल, तर चॅसीची रचना मुळातच आडवे भाग बोल्टने बसतील अशी करावी आणि प्रत्येक भाग वेगळा प्लेट करून घ्यावा.

कॅलिफोर्नियात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. शोभेच्या क्रोमसाठी षट्संयुजी क्रोमियमचा (क्रोमच्या नेहमीच्या टाकीतल्या क्रोमिक आम्लातला प्रकार) वापर थांबवण्याचा नियम तिथल्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२३ साली मंजूर केला आणि त्यासाठी १ जानेवारी २०२७ ही मुदत ठरवली. काही अटी पाळणाऱ्या दुकानांना २०३० पर्यंत सवलत आहे. हे रसायन कर्करोगकारक आहे. टाकीवरून उठणाऱ्या धुरकट तुषारांतून ते कामगाराच्या श्वासात जाते. पर्याय त्रिसंयुजी क्रोमचा, म्हणजे क्रोमियमच्या कमी विषारी रूपाचा, आहे. त्याची छटा किंचित गडद असते, म्हणून एकाच गाडीचे सगळे भाग एकाच दुकानातून, एकाच पद्धतीने करून घ्यावेत. भारतात काम करून घेताना दुकानाकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची चालू यंत्रणा आहे का, हे पाहावे. सोडलेल्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरला ०.१ मिलीग्रॅमच्या वर असू नये, अशी आपल्याकडची मर्यादा आहे. स्वस्त दर देणाऱ्याचे पाणी कुठे जाते, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारलाच पाहिजे.

हे काम घरच्या गॅरेजमध्ये करू नये. सायनाइड आणि क्रोमिक आम्ल हाताळण्याची ती जागा नव्हे.

काम देताना प्रत्येक भागाचा फोटो आणि यादी द्यावी. तांब्यानंतरचे बफिंग दरात धरले आहे का, वेल्डमध्ये छिद्र निघाल्यास पुढचा खर्च कोणाचा आणि निकेल किती मायक्रॉनचे मिळणार, हे लेखी घ्यावे. बेअरिंग बसण्याच्या जागा, आटे आणि विजेच्या अर्थिंगचे बिंदू मेणाने किंवा रबरी बुचांनी झाकायला सांगावे. सर्व थर मिळून प्रत्येक बाजूला शंभर मायक्रॉनपर्यंत जाडी वाढू शकते आणि घट्ट बसणारा भाग तेवढ्याने बसेनासा होतो.

टाकीत काय घडते

चॅसी आधी अल्कलीत, विजेच्या साहाय्याने स्वच्छ होते. मग पाण्याची परीक्षा घेतात : धुतलेल्या चॅसीवर पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला पाहिजे. तो कुठे फाटला, थेंब जमू लागले, तर तिथे अजून तेलकटपणा आहे असे समजून पुन्हा सुरुवात करावी लागते. गिऱ्हाइकाला दुकानात उभे राहू दिले तर त्याने ही परीक्षा जरूर पाहावी. दुकानाची शिस्त त्यात कळते. पुढे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात अगदी थोडा वेळ बुडवून अल्कलीयुक्त तांब्याचा पातळ थर देतात. हा थर गाळून थेट आम्लयुक्त तांब्यात पोलाद बुडवले, तर तांबे वीज न देताच पोलादावर जमते आणि ते नखाने निघते.

त्यानंतर आम्लयुक्त तांबे. दर चौरस डेसिमीटरला ३ अँपिअरने दोन तासांत सुमारे ऐंशी मायक्रॉन तांबे बसते आणि ते बारीक ओरखडे भरून काढते. चॅसी बाहेर काढून ती पुन्हा बफ करतात. गुलाबी झळाळीत राहिलेला प्रत्येक दोष येथे उघडा पडतो. याच टप्प्यावर मालकाने स्वतः जाऊन चॅसी हाताने चाचपून पाहावी, असा माझा आग्रह असतो, कारण येथे दुरुस्ती स्वस्तात होते आणि क्रोमनंतर ती होत नाही.

मग निकेलचे दोन थर येतात, खाली अर्धचमकदार आणि वर चमकदार. हे दोन थर मुद्दाम वेगळ्या गुणधर्मांचे ठेवलेले असतात : गंज वरच्या थरातून शिरला तरी तो खाली जाण्याऐवजी आडवा पसरतो. झिंकसारखे निकेल स्वतः झिजून पोलादाला वाचवत नाही. उलट एखादे छिद्र राहिले तर गंजाचा सगळा जोर तिथल्या पोलादावर पडतो, म्हणून निकेलची जाडी महत्त्वाची आहे. शेवटी क्रोम, तेही तीन मिनिटांच्या आसपास. या काळात टोकदार कोपऱ्यांवर जास्त वीज जाऊन ते राखाडी पडतात, त्याला जळणे म्हणतात. ते टाळण्यासाठी कोपऱ्यांजवळ वीज खेचून घेणाऱ्या तारा बांधतात आणि खोलगट जागांसमोर जादा अ‍ॅनोड (विजेची धन टोके) लावतात. निकेल आणि क्रोम यांच्यामध्ये वेळ गेला, तर निकेलचा पृष्ठभाग निष्क्रिय होऊन क्रोम दुधी दिसतो.

घरी आणल्यावर

पोकळ्या आतून कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने पुन्हा धुवाव्यात, कोरडी हवा मारून पूर्ण वाळवाव्यात आणि भोकांतून आत गंजरोधक मेण फवारावे. मुलामा आत पोहोचलेला नसतो, त्यामुळे आतले पोलाद उघडेच असते. बोल्ट आवळताना वॉशरखाली नायलॉनची चकती घालावी, नाहीतर नट फिरताना क्रोमवर गोल ओरखडा पाडतो. बॉडीखाली रबरी पट्ट्या द्याव्यात. एक्झॉस्टचे पाइप चॅसीपासून पुरेसे दूर ठेवावेत. उष्णतेने क्रोम निळे पडते आणि तो रंग पुन्हा उतरत नाही.

धुण्यासाठी सौम्य शाम्पू आणि मऊ कापड पुरे. चाके साफ करण्याची आम्लयुक्त द्रावणे चॅसीजवळही आणू नयेत, कारण हायड्रोक्लोरिक आम्लात क्रोमियम झपाट्याने विरघळते. पोलादी घासणीही वापरू नये. वर्षातून दोनदा कार्नोबा मेण लावावे आणि त्या वेळी प्रत्येक जोडाखालून पांढरा रुमाल फिरवावा. त्यावर तपकिरी किंवा हिरवट डाग उमटला, तर ती जागा खडूने खूण करून लगेच प्लेटिंगवाल्याला दाखवावी.